अडसर

आमच्या घरात एक वाक्य पिढीजात होते. देव्हाऱ्यातील टाक सणावाराला चिंचेने उजळून पुन्हा जागच्या जागी ठेवावेत, तसे ते प्रसंगाप्रसंगाने बाहेर काढले जाई आणि पुन्हा जपून ठेवले जाई. “सत्तावीस साली आमच्या घरातून कोणी काठी उचलली नाही,” हे ते वाक्य. वडील ते पाहुण्यांपुढे सांगत तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली येई. आपल्या चांगुलपणाविषयी फार मोठ्याने बोलू नये, एवढी सभ्यता आमच्या घराला होती.

आमचे घर महाडचे. सावित्रीच्या काठचे हे गाव पावसाळ्यात वरचेवर पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात घामाने भिजते. अंगण, पडवी, ओटी, माजघर, मागील दारी रहाटाची विहीर, असे कोकणात असावे तसे आमचे घर होते. चवदार तळे तेथून पायी पाच मिनिटांवर. लहानपणी त्या तळ्याच्या काठाने मी असंख्य वेळा गेलो असेन. तळे पाहिले की वडिलांचे वाक्य आठवे आणि वाक्य आठवले की बरे वाटे. ती काठी कोणी कोणावर उचलली होती, हे मात्र मी कित्येक वर्षे विचारले नाही. स्वतःच्या घराच्या निर्दोषपणाचा दाखला हाती असताना गुन्हा काय होता याची चौकशी कोण करतो?

काय घडले होते ते आज शाळकरी मुलेही पाठ्यपुस्तकात वाचतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशांतून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. १९२४ च्या आरंभी महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले. पण तीन वर्षांत त्या ठरावाच्या आधारे एकाही अस्पृश्याला त्या तळ्यावर जाऊन पाणी पिणे शक्य झाले नाही. गुराढोरांना तेथे मज्जाव नव्हता, अन्य धर्माच्या माणसांना नव्हता. मज्जाव होता तो माणसांच्या एका वर्गालाच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना पाणी विकत घ्यावे लागले, ही गोष्ट मला त्या साऱ्या इतिहासातील अतिशय बोचरी गोष्ट वाटते. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून ते सारे लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळातही ही माणसे शिरणार अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर, गावातून परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या. पुढे १०८ घागरींचा सोपस्कार करून, पंचगव्य तळ्यात सोडून, मंत्रघोषात ते पाणी ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

त्या दिवशी आमच्या घरातून कोणी काठी उचलली नाही, हे खरेच होते.

१९७९ साली मी देशावरील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. त्या जूनमध्ये अर्थशास्त्राचे एक नवे अध्यापक आमच्याकडे रुजू झाले. मराठवाड्यातून आलेले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, अबोल, पण एकदा विषय निघाला की अतिशय नेमके बोलणारे. आदल्या वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला होता आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलितांच्या वस्त्यांवर जे कोसळले, ते आम्ही वर्तमानपत्रांतून वाचले होते. त्यांच्या गावी काय झाले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. तो मला माझ्या मनाचा हळुवारपणा वाटे.

त्यांना बिऱ्हाडासाठी जागा हवी होती. मी राहत होतो त्या वाड्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या. मीच त्यांना घरमालकांकडे घेऊन गेलो. घरमालक वृद्ध, देवभोळे, बोलण्यात गोड. त्यांनी चहा दिला, खोल्या दाखविल्या, भाडे सांगितले. माणूस त्यांना पसंत पडला होता. संध्याकाळी ते जिन्यापाशी मला थांबवून म्हणाले, “सर, गृहस्थ चांगले वाटतात. आडनाव गावावरून पडलेलं दिसतं, त्यामुळे काही उलगडा होत नाही. आपल्यातलेच ना?”

मला उलगडा होता. तरी मी म्हणालो, “मी विचारलं नाही.”

हे उत्तर दिल्यावर मला आपण मोठे चातुर्य दाखविले असे वाटले. खोटे बोललो नाही, जात सांगितली नाही, त्या प्रश्नाला मानही दिला नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरे तर मी खोटे बोललो होतो आणि त्या प्रश्नाला पुरता मान दिला होता. ‘असा प्रश्न विचारू नका’ असे मी म्हटले नाही. ‘विचारलं नाही’ या माझ्या शब्दांत ‘दुसऱ्या कोणाला विचारा’ असा सल्ला होता. घरमालकांनी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितले की खोल्या त्यांच्या पुतण्याला आधीच कबूल केलेल्या होत्या, ते विसरूनच गेले होते.

मी हा निरोप घेऊन महाविद्यालयात गेलो आणि जसाच्या तसा दिला. वर स्वतःचे दोन शब्द घातले, “म्हातारपण आहे, विसरतात बिचारे.” ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि “बरं” एवढेच म्हणाले. त्यानंतर सहा महिने ते २३ किलोमीटरवरच्या गावाहून एस. टी.ने ये-जा करीत होते. सकाळचा पहिला तास त्यांचाच असे. पावसाळ्यात गाडी चुकली की ते ओल्या कपड्यांनी वर्गात उभे राहत. पुतण्या काही आला नाही. खोल्या दिवाळीपर्यंत रिकाम्याच होत्या आणि माझ्या अभ्यासाच्या खिडकीतून त्यांचे कुलूप मला रोज दिसे.

पत्नीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग तुम्ही काय म्हणालात?” मी माझे उत्तर सांगितले. ती म्हणाली, “त्यांना नसेल द्यायची जागा तर आम्हीही सोडतो, असं म्हणायचं होतं.” मी म्हणालो, मुलाची शाळा जवळ आहे, भाडे परवडते, अर्ध्या वर्षात घर कुठे शोधायचे. ती पुढे काही बोलली नाही. हे सारे खरेच होते. माझ्या बाजूला दोन-तीन महिन्यांची गैरसोय होती, त्यांच्या बाजूला सहा महिन्यांची एस. टी. मी तराजू धरला आणि आपले पारडे जड ठरविले. तराजू माझ्या हाती कसा आला, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

त्या दिवाळीत आम्ही महाडला गेलो. आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. रात्री ओटीवर सारे बसले असताना मी घरमालकांची गोष्ट काढली. माणसे अजूनही कशी सुधारत नाहीत, असा माझा सूर होता. वडिलांनी मान हलविली आणि अपेक्षेप्रमाणे ते घरचे वाक्य बाहेर काढले. आजी माजघराच्या उंबऱ्यापाशी वाती वळीत बसली होती. हात न थांबविता ती म्हणाली, “काठी नाही उचलली, खरं आहे. अडसर घातला होता.”

वडील गप्प झाले. तिला थांबवावे असे त्यांना वाटत असावे. पण त्या वयात तिला थांबविण्याचा अधिकार घरात कोणाला नव्हता. तिने सांगितले ते असे. दुपार टळली होती. आळीतून धावाधाव, ओरडा ऐकू येत होता. आजोबा ओटीवर उभे राहून पाहत होते. तेवढ्यात दोन माणसे आमच्या अंगणात शिरली. एक पोरगेलासा होता, त्याच्या कपाळातून रक्त येत होते. ती दोघे पायरीशी थांबली. वर चढली नाहीत. त्या अवस्थेतही चढली नाहीत, हे आजीने दोनदा सांगितले. त्यातील मोठा आजोबांना काहीतरी म्हणाला. आजोबा आत आले, दार लोटले आणि अडसर घातला. मग ते माजघरात येऊन पाटावर बसले आणि त्यांनी पाणी मागितले.

“मी तांब्याभांडं दिलं,” आजी म्हणाली. “मागच्या दारानं जाऊन त्या पोराला घोटभर द्यावं, असं मनात आलं होतं. पण नाही गेले. तुझे वडील सात वर्षांचे होते, माझा पदर धरून होते.” थोडे थांबून ती मला म्हणाली, “तुझ्या आजोबांनी तरी काय केलं रे? तू केलंस तेच.”

ओटीवर कोणी काही बोलले नाही. ते वाक्य मी आमच्या घरात त्यानंतर पुन्हा ऐकले नाही.

ज्या गावी जन्मलो त्या गावाचा इतिहास मी त्यानंतर वाचावयास घेतला. अपराधी मनाने वाचणारा माणूस प्रथम आपला बचाव शोधतो. ‘तो काळच तसा होता’ हे माझ्या मनातील बचावाचे पहिले कलम होते. ते कलम महाडच्या सत्याग्रहातील तीन माणसांच्या गोष्टीने कोसळले. या तिघांनाही तोच काळ लाभला होता, आणि आमच्याच सारखी, दार लावून घेण्याची सोय असलेली घरे लाभली होती.

पहिले सुरेंद्रनाथ टिपणीस, लोक त्यांना सुरबानाना म्हणत. जातीने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. तळे खुले करण्याचा ठराव झाला तेव्हा ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. दुसरे अनंतराव चित्रे, तेही कायस्थ. परिषदेचे कामकाज संपत आले असता, आता येथूनच तळ्यावर जाऊ या, ही सूचना त्यांनी मांडली. तिसरे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दुसऱ्यांदा परिषद भरली, त्या वेळी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव त्यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. या दुसऱ्या परिषदेला गावात कोणी जागा देईना; ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने.

या तिघांविषयी बोलताना आपण ‘त्यांनी बाबासाहेबांना साथ दिली’ असे म्हणतो. मीही वर्गात असेच म्हणत असे. या शब्दांत एक देणारा आणि एक घेणारा असतो, आणि देणारा नकळत उंच होतो. पण त्या वर्षाची एक हकीकत मला निराळेच सांगून गेली. ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे आणि जवळकर यांनी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण त्यांची एक अट होती. त्यात कोणाही ब्राह्मणाला घेऊ नये. पाठिंब्याची तेव्हा फार गरज होती. अट मान्य केली असती तर सहस्रबुद्ध्यांना बाजूला व्हावे लागले असते आणि बहुधा कोणी बाबासाहेबांना बोलही लावला नसता. त्यांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसांना नाही, उच्चनीचतेच्या ब्राह्मण्याला आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे सहस्रबुद्ध्यांची जागा बाबासाहेबांनी राखली. ज्यांच्यासाठी उभे राहिलो असे आपण समजतो तेच आपल्यासाठी उभे असतात, आणि हे ध्यानात येण्यासाठी प्रथम त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते.

दुसरी गोष्ट टिपणिसांच्या ठरावाची. अध्यक्षपदाचा अधिकार वापरून कागद तयार करणे ही त्यांच्या हातातली गोष्ट होती आणि ती त्यांनी केली. पण कागदाला पाय नसतात. ते पाय १९२७ च्या मार्चमध्ये आले, आणि ते त्यांचे होते ज्यांच्या डोक्यात काठ्या बसणार होत्या. दंगलीनंतर, त्याच ऑगस्टमध्ये, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे ही खाजगी मालमत्ता आहे, असा दावा गावच्या काही सवर्णांनी न्यायालयात लावला. डिसेंबरच्या परिषदेआधी तात्पुरता मनाईहुकूम आला आणि तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित ठेवावा लागला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. चांगल्या माणसाने केलेला ठराव आणि त्या ठरावाचे पाणी यांमधील हे अंतर मी पुढे कधी विसरलो नाही. आपण ठराव करतो आणि घरी जाऊन झोपतो. दहा वर्षे तहान कोणाची असते?

आणखी एक गोष्ट मला पत्नीमुळे दिसली. या तिघांविषयी मी तिच्याशी भरभरून बोलत होतो, तेव्हा तिने विचारले, “त्यांच्या घरातल्या बायकांचं काय झालं?” मला सांगता येईना. माझ्या वाचनात त्या कोठे आल्या नव्हत्या. मी ते वाचताना शोधले नव्हते, हे अधिक खरे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला. मुरुडला बहिष्काराचा निर्णय झाला. कर्वे पुण्यात होते. त्याची झळ मागे गावात राहिलेल्या आईला आणि भावाला लागली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ मी विद्यार्थिदशेतच वाचले होते. ‘माझे पुराण’ हे आनंदीबाई कर्व्यांचे, म्हणजे त्याच गोदूबाईंचे आत्मकथन मी पत्नीच्या त्या प्रश्नानंतर वाचले. एकाच संसाराकडे दोन खिडक्यांतून पाहावे तसे झाले. नवरा आपला पैसा आणि वेळ संस्थेला देतो, ते थोरच. पण चूल कशी पेटली हे दुसऱ्या खिडकीतून दिसते. पुरुष भूमिका घेतो तेव्हा हळदीकुंकवाची बोलावणी पत्नीची बंद होतात, मुलींची लग्ने अडतात, विहिरीवर आईला कोणी जागा देत नाही. तिला विचारून भूमिका घेतली, असे किती पुरुषांना सांगता येईल? आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत तर तीही सबब नव्हती. माझ्या घरातली बाई घर सोडायला तयार होती. तिचे कुंकू, तिचा संसार, तिची गैरसोय या गोष्टी तिला न विचारता मी माझ्या भित्रेपणाच्या पुढे ढालीसारख्या धरल्या होत्या. आजीचेही तसेच. घोटभर पाणी द्यावे असे तिला वाटले होते. अडसर आजोबांनी घातला होता. आमच्या घरात दया बायकांच्या मनात असे आणि दाराची कडी पुरुषांच्या हातात.

ते अर्थशास्त्राचे अध्यापक पुढे आमच्या गावातच स्थायिक झाले. एका ख्रिस्ती परिचारिकेने त्यांना आपल्या घराचा वरचा मजला दिला होता. आम्ही पंधरा-सोळा वर्षे एकत्र काम केले, एकमेकांच्या घरी जेवलो. त्यांच्या मुलीला मी व्याकरण शिकविले. १९९५ साली ते दुसऱ्या महाविद्यालयात प्राचार्य म्हणून जाऊ लागले. निरोपसमारंभ झाल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन ती जुनी गोष्ट सांगितली. घरमालकांचा प्रश्न, माझे उत्तर, पुतण्याची थाप, सारे. सांगताना मला आतून हलके होत गेल्यासारखे वाटत होते, आणि आता ते मोठ्या मनाने ‘जाऊ द्या हो सर’ म्हणतील याची मी वाट पाहत होतो.

ते म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. खोली नाकारली त्याचं काही नाही. तो नकार मला पाठ आहे. त्या म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडलो तरी असतो. तुम्ही तो नकार धुऊनपुसून आणलात. भांडायला काही शिल्लक ठेवलं नाहीत.”

ते रागावले नव्हते. एखाद्या विद्यार्थ्याला हिशेबातील चूक दाखवावी तसे त्यांनी सांगितले, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हार-तुऱ्यांच्या गर्दीत निघून गेले. त्यांनी क्षमा केली की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. आणि ती मागण्याची घाई मी स्वतःच्या सोयीसाठी केली होती, हे मात्र त्याच रात्री कळले. ‘धुऊनपुसून’ हा त्यांचा शब्द माझ्या कानात राहिला. चवदार तळ्याच्या शुद्धीकरणाला मी विद्यार्थ्यांपुढे हसत असे. सभ्य शब्दांनी तसेच शुद्धीकरण मी स्वतः केले होते. त्याला घागरी लागल्या नव्हत्या, इतकेच.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्यात सदनिका घेतली. २००३ साली आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एक ठराव आला. यापुढे सदनिका विकणाऱ्या सभासदाने खरेदीदाराच्या ‘खानपानाच्या सवयी व सामाजिक पार्श्वभूमी’ यांची माहिती आधी समितीला द्यावी. शब्द अतिशय धुतलेले होते. कोणाचे नाव नव्हते, जात नव्हती, धर्म नव्हता. सारे एकमेकांकडे पाहून हसले आणि मंजूर म्हणू लागले. माझे तळहात ओले झाले. मी उठून उभा राहिलो. आवाज फुटेना. व्याख्यानांत आयुष्य घालविलेला मी, त्या वेळी चार वाक्ये धड बोलू शकलो नाही. या ठरावाचा खरा अर्थ काय तो स्पष्ट लिहा, आणि लिहिता येत नसेल तर ठराव मागे घ्या, एवढेच मी अडखळत म्हणालो. अध्यक्ष हसून म्हणाले, “सर, तुमचा यात काय संबंध? तुम्हाला कोण विचारणार आहे?” मला कोणी कधीच विचारले नव्हते, हे अगदी खरे होते. आयुष्यात एकाही घरमालकाने मला जिन्यापाशी थांबवून माझ्याविषयी काही विचारले नव्हते. मी म्हणालो, “माझा विरोध इतिवृत्तात लिहा. नावासकट.”

हात वर करावयास सांगितले तेव्हा विरोधात माझा एकट्याचा हात होता. मग मागच्या रांगेतून आणखी एक हात वर आला, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सभेत कधीही न बोलणाऱ्या एका वृद्ध बाईंचा. दोनच हात. ठराव मंजूर झाला. पण पुढे तो कोणी अमलात आणला नाही. इतिवृत्तात दोन नावे लिहिली गेल्यामुळे समितीला त्याची अडचण वाटू लागली असावी. दुसऱ्या दिवशी त्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “मला बोलायचंच होतं. पण पहिला हात माझा असता, तर या वयात इथं राहणं कठीण झालं असतं.” पहिला हात वर करणे मला स्वस्त होते म्हणून तो माझा असावयास हवा होता, हे त्यांनी किती साधेपणाने सांगितले. स्वस्त गोष्टीला मी इतकी वर्षे शौर्याचा भाव लावून बसलो होतो आणि महाग म्हणून टाळीत होतो.

त्या सभेहून परतताना मला आनंद झाला होता, हेही येथे लिहिले पाहिजे. जिना चढताना मी चक्क गुणगुणत होतो. पत्नीने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कोणाला जागा मिळाली का?” कोणाला मिळाली नव्हती. मला सांगण्यासारखी एक गोष्ट मिळाली होती, एवढेच.

२००५ च्या जुलैमधील पुरात महाडच्या घरात माजघरापर्यंत चिखल आला. पुढे भावांनी मिळून ते घर विकले. कागदावर सही करण्यासाठी गेलो तेव्हा मी शेवटचा त्या दारात उभा राहिलो. अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. उचलून पाहिला, वाटला होता त्याहून हलका होता. तो मी तेथेच ठेवला.

पत्नी गेल्यानंतर एका वर्षी २० मार्चला मी एकटाच महाडला गेलो. त्या दिवशी गावात दूरदूरहून माणसे येतात. तळ्याच्या चारी बाजूंनी निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, कडेवर मुले घेतलेल्या बाया. ऊन रणरणत होते. आपण येथे कोण म्हणून आलो आहोत, हे मला ठरविता येत नव्हते. यापूर्वी दोनदा आलो होतो आणि दोन्ही वेळा कोणी विचारल्यावर ‘पुण्याहून’ असे सांगून मोकळा झालो होतो. रस्त्याच्या कडेला तरुण स्वयंसेवक पाणी वाटीत होते. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा एका मुलीने पेला पुढे केला आणि विचारले, “काका, कुठून आलात?”

माझ्या तोंडी ‘पुण्याहून’ आले होते. मी म्हणालो, “इथलाच. या पलीकडच्या आळीतला.”

तिने एकवार माझ्याकडे पाहिले. तिला काय कळले असेल, किंवा काहीच कळले नसेल. “मग सावकाश प्या, काका, ऊन फार आहे,” ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंसाठी तिने दुसरा पेला भरावयास घेतला.